वाळूतला पाया

कुंभकोणमला अभ्यागत प्राध्यापक म्हणून येण्यापूर्वी या गावाशी माझा परिचय दोन नावांपुरताच होता. एक श्रीनिवास रामानुजन. दुसरे, १८२८ साली इथेच जन्मलेले व पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव. तिसरे नाव, आर्थर कॉटन, मला इथल्या कालव्यांनी शिकविले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पात्र गाळाने भरून येत होते आणि पाणी सखल अशा कोळ्ळिडमकडे वळून वाया जात होते. त्यावर उपाय म्हणून कॉटनने १८३६ मध्ये दोन बंधारे बांधले. त्यांतला खालचा, अणैक्करैचा, कुंभकोणमच्या उत्तरेस आहे. प्रश्न होता तो पायाचा. वाळू अथांग, खडक लागतच नाही. उत्तर त्याला सापडले ते शेकडो वर्षे उभ्या असलेल्या कल्लणै या चोळकालीन बांधाऱ्यात: दगड वाळूत टाकीत राहायचे, ते खचत खचत स्थिर होतात, मग त्यांवर बांधकाम उभे करायचे. ही विद्या आपण तिथल्या जुन्या बांधकाऱ्यांकडून शिकलो, असे कॉटनने पुढे मोकळेपणाने लिहिले. गोदावरीवरील धवळेश्वरमचा बंधारा (१८४७–५२) त्याच्याच हातचा. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ‘प्रभाव’ हा शब्द रोजचाच. पण ऋण असे उघड मान्य करणारा लेखक विरळा! बांधकाऱ्यांनी मात्र काही लिहून ठेवले नव्हते. त्यांचे किती दगड वाहून गेले असतील, हे कोणालाच कळणार नाही.

रामानुजनची गोष्ट याच्या उलट. कारच्या ग्रंथात त्याला हजारो सिद्धान्त मिळाले, सिद्धता मात्र नावापुरत्या. १९१३ मध्ये हार्डीने त्याच्याकडे प्रथम मागितल्या त्या सिद्धताच.

माझ्या अतिथिगृहातील तरुण अभियंते एकमेकांना पाठवितात ते पुरे झालेले आराखडे. फसलेले प्रयत्न कोणी दाखवीत नाही. फसल्याची कबुली वरिष्ठांच्या कानी गेली तर पत जाते, ही भीती खरी आहे. नुसत्या उपदेशाने ती जाणार नाही. यांतला एकजण मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून सायलॅब शिकत होता. दहा-दहा मिनिटांचे हे पाठ. पडद्यावर इंग्रजी, कानावर तमिळ किंवा मराठी. कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला अडले, हे नोंदवून तेथे प्रश्न विचारता येतो. प्रश्नाखाली आपले नाव दिसेल म्हणून तो दोन दिवस थांबला, आणि अखेर त्याने प्रश्न पाठविला.

उत्तर आले ते नागपूरहून. उपाय शेवटच्या ओळीत होता. त्याआधी उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या तीन चुका क्रमाने लिहिल्या होत्या. आमच्या तरुणाने पहिल्यांदा त्याच वाचून दाखविल्या.