बरे वाटले, पण सूज?

आमच्या मलकापुरात पावसाळा लागला, भिंतींना ओल आली की दमेकऱ्यांचे हाल सुरू होतात. त्यात चुलीचा धूर. आयाबहिणी म्हणतात, ‘पोराला बरं वाटतंय, पंप बंद केला. सवय नको लागायला.’ आम्हांला याचीच धास्ती वाटते. धाप थांबली तरी श्वासनळीची सूज आत राहू शकते. माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड वायू असतो, हे १९९१ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. दम्याच्या सुजेने तो बहुधा वाढतो. यंत्रात दहाएक सेकंद संथ फुंकले की आकडा येतो. मोठ्या माणसाचा ५० च्या वर गेला तर सूज बरीच. विडी ओढणाऱ्याचा मात्र फसवा, कमी येतो! स्टिरॉइडचा पंप रोज घेतला की आकडा उतरतो. ही चाचणी परवडली नाही तरी डॉक्टर उपचार करतातच. पण त्यांना विचारल्यावाचून पंप सोडायचा नाही, आणि गंडादोरा तर आपल्या घरात मुळीच नाही.