पिशवीतला उन्हाळा

धिंगरी अळिंबीच्या पिशवीला तापमापी टेकवा, वरून चार पदरी फडके गुंडाळा आणि अर्ध्या तासाने वाचा. भिंतीवरची तापमापी २५ अंश दाखवत असेल तर इथे २८ दिसतील, कधी २९. पिशवीतल्या काडात पसरणारी धिंगरीची बुरशी श्वास घेते, अन्न जाळते आणि त्यातून ऊब तयार होते. पिशव्या एकीला एक लावून रचल्या की मधल्या पिशवीला ती ऊब बाहेर टाकायला वावच राहत नाही. पुस्तकात बुरशीच्या वाढीसाठी २४ ते २८ अंश लिहिलेले असतात. ते काडाचे तापमान धरावे, खोलीचे नव्हे. खोली त्याहून दोन-तीन अंश गार हवी आणि दोन पिशव्यांत वीतभर मोकळी जागा हवी.

*

गारठ्याची फार काळजी करू नये. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १२ च्या आसपास उतरतो. तेव्हा एरवी अडीच आठवड्यांत पांढरी होणारी पिशवी महिना घेते, एवढेच. उकाडा मात्र माफ करत नाही. काड ३५ च्या वर काही तास राहिले की धिंगरीची बुरशी मलूल पडते आणि ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी डोके वर काढते. हिरवा डाग पसरू लागलेली पिशवी घरात उघडू नका, तशीच बाहेर न्या.

*

एखादी जात मनात धरायची आणि मग तिच्यासाठी खोली थंड करत बसायचे, हा उलटा कारभार आहे. घरी लागवड करणाऱ्याने आधी कॅलेंडर बघावे आणि मग जात निवडावी. पांढरी फ्लोरिडा धिंगरी साधारण १८ ते २५ अंशांत खुलते, म्हणजे पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत. करडी साजोर-काजू २० ते ३० अंश चालवून घेते. पावसाळ्यात देशावर आणि एरवी कोकणातही तीच बरी. गुलाबी धिंगरी ३० च्या वरही धरते, पण काढल्यावर लवकर मान टाकते. तिला त्याच दिवशी कढईत टाकणाऱ्यांनीच तिच्या वाटेला जावे.

ऐन उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबी आहे. या जातीची शास्त्रीय नोंद पुरकायस्थ आणि चंद्र या बंगालमधल्या संशोधकांनी १९७४ साली केली. पुढे कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा लागवडीचा वाण काढला. तिला ३० ते ३५ अंश मानवतात. पांढऱ्या झालेल्या काडावर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो, म्हणजे धिंगरीपेक्षा काम जास्त. तरीही मे महिन्यात एसी न लावता ताटात अळिंबी आणायची तर माझे मत हिलाच.

बटण अळिंबीचा मोह सोडा. तिला फळ धरायला १४ ते १८ अंश लागतात, तेही सलग काही आठवडे. हिमाचलमधल्या सोलनसारख्या डोंगरी गावात जे हवामान थंडीत फुकट मिळते, त्यासाठी आपल्याकडे वीज जाळावी लागते. शिवाय तिचे कंपोस्ट करायचे म्हणजे घरभर वास.

*

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री दहा वाजता छताखाली हात धरून पाहावा. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा खोलीत उष्णता सोडत असतो, आणि आपण मात्र ऊन गेले म्हणून निश्चिंत असतो. माळा ही घरातली सर्वांत वाईट जागा. फ्रिजची मागची बाजूही तशीच. पिशव्या शिंकाळ्यात टांगायच्या असतील तर जमिनीपासून हात-दीड हातावर टांगा. जुन्या घरातली शहाबादी फरशीची, उत्तरेकडची खोली मिळाली तर अर्धे काम तिथेच झाले.

*

ओले गोणपाट लावले की गारवा येतो, हे नागपूर-अकोल्यात खरे. तिथली उन्हाळी हवा कोरडी असते, पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. मुंबईत किंवा रत्नागिरीत तेच गोणपाट दिवसभर ओलेच राहते, कारण हवेत आधीच इतका दमटपणा आहे की पाणी उडायला तयार नाही. तिथे गारवा मिळवायचा तर वारा खेळता ठेवणे आणि सावली, हेच दोन उपाय. ओलाव्याचा प्रश्न मात्र कोकणाला नाही. फळ धरताना धिंगरीला ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. ती पावसाळ्यात तिथे न मागता मिळते आणि विदर्भात दिवसातून तीन-चार वेळा फवारणी करून मिळवावी लागते.

*

पिशवी भरण्याआधी काड गरम पाण्यात ८० अंशांवर तासभर ठेवायचे, निथळायचे, पसरायचे. बियाणे, म्हणजे स्पॉन, भरण्याची घाई इथे नडते. वरचा थर हाताला गार लागतो आणि ढिगाच्या पोटात वाफ असते. ढीग उकलून आतले काड गालाला लावून पाहा. ते ३० च्या खाली आल्याशिवाय स्पॉनची पिशवी उघडू नका. आणि स्पॉन आणताना ती पिशवी उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. त्या डब्यात दाण्यावरची जिवंत बुरशी घरी पोहोचण्याआधीच भाजून निघते.

*

अळिंबीला अंधार लागतो, हे वाक्य इतक्यांदा सांगितले गेले आहे की लोक पिशव्या कपाटात कोंडतात. अर्धेच खरे आहे ते. अळिंबीत हरितद्रव्य नाही, त्यामुळे उजेडातून ती अन्न तयार करत नाही. तिचे अन्न काडात आहे. उजेड तिच्यासाठी खूण आहे: बाहेर मोकळी जागा आहे, आता फळ धरायला हरकत नाही. बुरशी काडात पसरत असताना ही खूण लवकर मिळू नये म्हणून तेवढे दिवस खोली अंधारी ठेवायची. पिशवी पांढरी झाली, प्लास्टिकला चिरा दिल्या, की उजेड द्यायलाच हवा. बटण अळिंबीला तो नसला तरी चालतो. धिंगरीला चालत नाही.

किती उजेड? वर्तमानपत्र डोळे न ताणता वाचता येईल इतका, दिवसाचे आठ ते बारा तास. खिडकीतून येणारा, भिंतीवर आपटून पसरलेला उजेड उत्तम. खिडकी नसेल तर साधी पांढरी ट्यूब किंवा एलईडी. जुन्या पिवळ्या झिरोच्या बल्बवर भागवू नये. बुरशीला जाणवतो तो मुख्यतः निळा प्रकाश, आणि त्या बल्बात तो फार थोडा.

*

चिरेपाशी पहिल्यांदा काय दिसते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. पांढरी बुरशी एका जागी दाट होते, तिथे कापसाळ गुठळी येते, आणि मग रात्रीतून टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके उमटतात. एका गुठळीवर पंचवीस-तीस. सगळे वाढत नाहीत. चार-पाच पुढे सरतात आणि बाकीचे त्यांच्या बुडाशी सुकून राहतात. या दिवसांत पाण्याची धार अंगावर मारू नये. भिंती आणि जमीन ओली करावी. दुपारचे थेट ऊन दहा मिनिटे पडले तरी हे ठिपके पिवळे पडतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवाच.

*

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी विचारले, “अहो, दांडे लांबच लांब आणि टोपी नखाएवढी, असं का होतंय? उजेड कमी पडतो का?” पिशव्या बाथरूमशेजारच्या बोळात होत्या, दिवा दिवसभर चालू होता. म्हटले, “काकू, दिव्याचं राहू द्या, आधी हवा येऊ द्या.” बुरशी कार्बन डायऑक्साइड सोडते, तो साचला की अळिंबी मोकळ्या हवेच्या शोधात दांडा लांबवते. उजेड कमी असला तरी रूप जवळपास असेच दिसते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. काकूंनी दार उघडे ठेवायला सुरुवात केली आणि पुढच्या बहराला टोप्या तळहाताएवढ्या आल्या. जपानमध्ये एनोकी नावाची अळिंबी मुद्दाम थंडीत, अंधूक जागेत आणि कोंडलेल्या हवेत वाढवतात, कारण तिचे बारीक लांब दांडेच खायचे असतात. आपल्याला धिंगरीची टोपी हवी आहे.

*

काढणीनंतरही उजेडाचे एक काम उरते. अळिंबीत अर्गोस्टेरॉल असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे ड२ जीवनसत्त्व होते. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळिंबीत ते नगण्य असते. चिरून, पाकळ्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवावी. खिडकीच्या काचेआड ठेवून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. शाकाहारी घरांत ड जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून ही अर्ध्या तासाची सवय मला फार मोलाची वाटते.

*

घरात लावणाऱ्यांना एक कळकळीचे सांगणे. टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच अळिंबी काढा. कडा सरळ होऊन वर वळल्या की ती बीजाणू सोडू लागते. सकाळी खालच्या फरशीवर पांढरी भुकटी दिसते ती तीच. बंद खोलीत ती रोज श्वासात गेली तर खोकला, ताप, दम लागणे असे त्रास होतात. लागवडीवर काम करणाऱ्या मजुरांत हा फुप्फुसाचा विकार ओळखीचा आहे. झोपायच्या खोलीत पिशव्या टांगू नका. घरात दम्याचे कोणी असेल तर गच्चीवरची सावलीची शेड किंवा जिन्याखालची हवेशीर जागा बघा, आणि तीही नसेल तर लागवड करू नका.

*

नव्याने सुरू करणाऱ्यांनी लागवड दिवाळीनंतर करावी आणि धिंगरीपासूनच करावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, जवळचे कृषी विज्ञान केंद्रही वाट दाखवते. स्पॉन ताजे घ्या. आणि ते घ्यायला निघण्याआधी कमाल-किमान तापमान दाखवणारी तापमापी घेऊन ज्या कोपऱ्यात पिशव्या टांगणार आहात तिथे आठवडाभर लावा. जात त्यानंतर ठरवा.