अगं!

माझे बाबा सध्या जगातल्या सगळ्यांना 'अगं' म्हणतात. आईला म्हणतात ते ठीक, ती तीस वर्षांची सवय. पण मलाही 'अगं', दूधवाल्यालाही 'अगं' आणि आमच्या सोसायटीच्या मिशाळ सेक्रेटरीलाही 'अगं'! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सेक्रेटरी दचकले होते. आता तेही ओ देतात.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना बाबांच्या उजव्या हातातून कप निसटला. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक. जीव वाचला, पाय चालता झाला, हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. बत्तीस वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर अखंड बडबड करणारा हा कॅशियर.. आणि शिल्लक काय, तर एक शब्द. याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात.

आता मी पडलो इंजिनियर. सर्व्हर पडला की आधी लॉग बघायचे, मग गूगल करायचं, ही आमची संस्कृती. तेच केलं. तर पहिल्याच रात्री आमच्या बाबांचा एक पूर्वज सापडला! पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला लबोर्न. हा माणूस काहीही विचारलं तरी फक्त 'तां' म्हणायचा, बहुतेक वेळा दोनदा, 'तां तां'. १८६१ साली तो वारला आणि पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड. बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते याचा तो पहिला ठोस पुरावा मानला गेला. गंमत म्हणजे तो मेंदू अजून जपून ठेवलेला आहे. २००७ साली त्याचा एमआरआय काढला, तेव्हा कळलं की बिघाड ब्रोकाला वरून दिसला त्यापेक्षा बराच आत गेलेला होता. म्हणजे 'या खोलीत भाषा राहते' इतकं सोपं ते प्रकरण नाही. खोल्यांमधली वायरिंगही तितकीच महत्त्वाची.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडली. या लबोर्नला ब्रोकाने विचारलं, "इथे किती वर्षं आहेस?" त्याने डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं!

हे वाचलं आणि मला दुधाचं बिल आठवलं. घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात आईने बिल टेबलावर ठेवलं होतं. बाबांनी ते ओढून घेतलं, डाव्या हाताने पेन धरून एकूण रक्कम खोडली आणि वाकड्यातिकड्या आकड्यांत खाली नवी लिहिली. दूधवाल्याने दोन दिवसांचं दूध जास्त लावलं होतं. 'पाणी' म्हणता न येणारा माणूस बेरीज तपासत होता! इंग्लंडमध्ये रोझमेरी व्हार्ली यांनी २००५ साली अशाच तीन रुग्णांवरचा अभ्यास छापला. व्याकरण पार कोलमडलेलं, पण वजाबाकी, भागाकार, कंसातली गणितं जमत होती. भाषा आणि विचार मेंदूत एकाच गाठोड्यात बांधलेले नसतात, असं आता बरेच संशोधक मानतात. आपण मात्र बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही असं धरून चालतो. हॉस्पिटलात बाबांच्या समोर उभं राहून डॉक्टर मला विचारायचे, "यांना दुखतंय का?" आणि मीही बाबांकडे न बघता उत्तर द्यायचो.

मग २०२३ साल आठवलं. कॅलिफोर्नियात एडवर्ड चँग यांच्या टीमने अठरा वर्षं मूक असलेल्या एका बाईच्या मेंदूवर २५३ इलेक्ट्रोड बसवले आणि तिच्या मनातली वाक्यं मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने स्क्रीनवर आणली. आवाजसुद्धा तिचाच, लग्नातल्या तिच्या भाषणाच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेला. मी ती बातमी उत्साहाने घरच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात आईचा फोन. "यांना बसवता येईल का रे? मी बांगड्या मोडते."

मंडळी, अर्धवट वाचून फॉरवर्ड करणं किती महागात पडतं ते मला त्या दिवशी कळलं. त्या बाईचा स्ट्रोक मेंदूच्या देठात होता. तिची भाषा शाबूत होती, तोंडाच्या स्नायूंकडे जाणारा रस्ता तेवढा तुटला होता. यंत्राने दुसरा रस्ता काढून दिला. बाबांचं उलटं आहे. रस्ता बऱ्यापैकी आहे, पण शब्द जिथून गोळा होऊन निघायचे तिथेच पडझड झालीये. हे आईला फोनवर समजावताना मी जे काही पुटपुटलो ते आठवायलाही नको वाटतं. ती फक्त "बरं" म्हणाली.

मग प्रायश्चित्त म्हणून दोन वीकेंड बसून मी एक अ‍ॅप लिहिलं. घरातल्या चाळीस वस्तूंचे फोटो, दाबलं की आईच्या आवाजात नाव. बाबांनी तीन महिने इमानदारीने सराव केला. स्क्रीनवर चष्मा आला की "चष्मा", किल्ली आली की "किल्ली". आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि खरा चष्मा हरवला तेव्हा बाबा हाक मारत होते, "अगं!"

नंतर वाचलं की ब्रिटनमध्ये २७८ लोकांवर असाच कॉम्प्युटरवरच्या सरावाचा मोठा अभ्यास झाला होता, २०१९ साली छापलेला. सराव केलेले शब्द सुधारले, रोजच्या संभाषणात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे माझा बग आधीच रिपोर्ट झालेला होता!

आमचे एक डॉक्टर म्हणाले होते, "सहा महिन्यांत येईल तेवढं येईल." पण जर्मनीत २०१७ साली आलेल्या अभ्यासात १५६ रुग्ण होते, सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेले. आठवड्याला दहा तास किंवा जास्त अशी किमान तीन आठवडे थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तो पेपर वाचून आम्ही बंद केलेली स्पीच थेरपी पुन्हा सुरू केली.

थेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी बाबांपेक्षा मलाच जास्त बघितलं. बाबा 'अगं.. प..' करत होते आणि मी नेहमीप्रमाणे पर्याय पुरवत होतो. पाणी? पंखा? पेपर? बाबांनी टेबलावर हात आपटला आणि तोंड फिरवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही त्यांना बोलू कुठे देताय? टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा."

ऑटोकम्प्लीट! दिवसभर ऑफिसात तेच, घरी येऊन बापावर तेच. मला वाटायचं मी मदत करतोय. खरं तर ती शांतता मलाच सहन होत नव्हती.

त्या रात्री टीव्ही बंद केला. बाबा म्हणाले, "अगं.. प.." मी मोजायला लागलो. तीन. चार. दहा सेकंद किती लांब असतात ते एकदा मोजून बघा. सातला बाबा म्हणाले, "परवा."

परवा? मी गप्प. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं, मग कागदावर एक आकडा लिहिला. आईच्या नावची एफडी परवा संपत होती. गेला आठवडाभर ते हेच सांगत होते आणि आम्ही त्यांना पाणी पाजत होतो.

असो. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. आता 'परवा' आहे, 'नको' आहे, 'चहा' आहे आणि गेल्या महिन्यापासून अधूनमधून माझं नाव आहे. बाकी सगळं 'अगं'. आठवड्यात पाच दिवस थेरपी, त्यातला शनिवार माझा.

आतून हाक आली. चला, जातो. दहापर्यंत मोजायचंय.