ट्रेडमिल निवडताना आधी पायाखाली पाहावे

अँजिओप्लास्टीनंतर माझ्या यजमानांना घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहून दिली होती : रोज अर्धा तास चालणे. उन्हाळाभर त्यांनी तो नेम निष्ठेने पाळला. पुढे पाऊस सुरू झाला, सोसायटीसमोरचा रस्ता खणला गेला आणि नेमात खंड पडू लागला. तेव्हा घरातच ट्रेडमिल आणावी, असे आम्ही ठरवले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा विचार अशाच एखाद्या निमित्ताने येत असेल. म्हणून आमच्या हातून झालेली चूक आणि तिच्यामुळे जे समजले ते आपल्यापुढे मांडते.

दुकानात ओळीने मांडलेल्या यंत्रांत आमची नजर प्रथम गेली ती पडद्याकडे. रंगीत पडदा, गाणी ऐकण्याची सोय, खर्च झालेल्या उष्मांकांचा आकडा! "आपल्याला धावायचे थोडेच आहे? चालण्यापुरती लहान मोटर पुरे," असे मीच म्हटले. तिसऱ्या आठवड्यात यजमान संथ गतीने चालत असताना पट्टा पायाखाली क्षणभर अडखळला आणि लगेच झटक्याने सुटला. त्यांचा तोल गेला. कठडा हाती लागला म्हणून पडणे टळले. इजाही झाली नाही. परंतु छातीवर हात ठेवून ते खुर्चीत बसले, ते पुढे दोन महिने त्या यंत्राकडे फिरकले नाहीत. हृदयाचे दुखणे सोसलेल्या माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास आधीच डळमळीत झालेला असतो. यंत्राच्या एका झटक्याने तो पार मोडला, आणि ज्यासाठी ते यंत्र आणले होते ते चालणेच थांबले.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने पुढचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावले. "काकू, तुम्ही पडदा बघून घेतलीत. ही खालून वर बघायची असते," तो म्हणाला. पुढच्या अर्ध्या तासात त्याने जे दाखवले, ते खरेदीपूर्वी कोणीतरी सांगायला हवे होते.

सर्वांत खाली असते फळी. तिच्यावरून पट्टा सरकतो आणि पुढचा व मागचा असे दोन रोलर त्याला फिरवतात. आपले सारे वजन प्रत्येक पावलागणिक पट्ट्याला फळीवर दाबते. पट्टा आणि फळी यांच्यात सिलिकॉन तेलाचा पातळ थर नसेल, तर घर्षण वाढते, मोटरला अधिक वीज ओढावी लागते आणि ती तापते. आमच्या पट्ट्याखाली हात घातला तेव्हा फळी कोरडी ठणठणीत होती. तेल किती दिवसांनी घालावे हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल तेथे चालत नाही. रोलर जितके जाड, तितका पट्टा कमी तीव्रतेने वळतो आणि अधिक टिकतो. पट्ट्याची रुंदीही पाहावी. चालण्यासाठी साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर पुरतात. पण चालताना ज्यांचा तोल किंचित बाजूला जातो, त्यांनी ५० सेंटिमीटरच्या आसपासचा पट्टा घ्यावा. लांबी चालण्यासाठी १२० सेंटिमीटर ठीक. उंच माणसाला किंवा धावणाऱ्याला १४० सेंटिमीटर तरी हवी.

त्यानंतर मोटर. माझी मुख्य चूक येथेच झाली. संथ चालणे म्हणजे मोटरला हलके काम, ही समजूत बरोबर नाही. गती कमी असते तेव्हा पाऊल पट्ट्यावर अधिक वेळ टेकलेले असते आणि वजनाचा अडथळा ओढून नेण्यासाठी मोटरला जोर लावावा लागतो. शिवाय ती सावकाश फिरत असल्याने तिचा पंखाही तिला पुरेसा गार करत नाही. यजमानांचे वजन ८८ किलो. यंत्राची मर्यादा १०० किलो लिहिलेली होती आणि तेवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. वापरणाऱ्याच्या वजनापेक्षा ही मर्यादा निदान २० ते २५ किलोंनी अधिक असावी, हे मला आता कळते.

अश्वशक्तीचा आकडा वाचतानाही सावध राहावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा कमाल शक्तीचा असतो, म्हणजे मोटर क्षणभर गाठू शकेल तेवढा. आपल्याला हवा तो सलग चालतानाचा आकडा. याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आपल्याकडचा १६ अँपिअरचा पॉवर प्लग २३० व्होल्टला सुमारे ३,७०० वॅट देऊ शकतो. म्हणजे 'सहा अश्वशक्ती' लिहिलेले यंत्र खरोखर तेवढ्या शक्तीने सतत चालले, तर त्याला जवळजवळ ४,५०० वॅट लागतील आणि तो प्लग पुरणारच नाही. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारावे, सलग शक्ती किती? चालण्यासाठी दीड ते दोन, वजन जास्त असल्यास किंवा धावायचे असल्यास अडीच ते तीन अश्वशक्ती असावी. यंत्र पॉवर प्लगलाच जोडावे; साध्या ६ अँपिअरच्या प्लगला किंवा लांबच्या एक्स्टेन्शन बोर्डाला नव्हे.

फळीखाली रबरी गट्टे असतात. पाऊल आदळण्याचा धक्का ते शोषून घेतात. गुडघे दुखणाऱ्यांनी ते दाबून पाहावेत. फार कडक नकोत आणि पाऊल डगमगेल इतके मऊही नकोत. चढाची सोय मोहात पाडते, पण हृदयरुग्णांच्या घरी ती जपून वापरावी. ज्यांनी रुग्णालयात ताणचाचणी, म्हणजे टीएमटी, केली आहे त्यांना चढाचा प्रभाव ठाऊक असेल. डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाणारी तिची प्रचलित पद्धत ताशी २.७ किलोमीटर इतक्या संथ गतीने सुरू होते, परंतु पट्ट्याला १० टक्के चढ असतो. दर तीन मिनिटांनी चढ आणि गती दोन्ही वाढवतात. गती न वाढवताही हृदयाचे काम वाढवता येते, ते असे. म्हणून घरी चढ किती ठेवावा, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आता कठडा आणि सुरक्षा-किल्ली. किल्लीची दोरी कपड्याला अडकवायची असते. माणूस मागे ओढला गेला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. आमच्या घरी ती दोरी पहिल्या दिवसापासून खुंटीला लटकत होती! घरात लहान मुले असतील तर व्यायाम संपताच किल्ली काढून उंच जागी ठेवावी आणि प्लगही काढावा. चालू पट्ट्याच्या मागच्या टोकाशी लहान बोटे सापडू शकतात. यंत्राच्या मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी. पाठीमागे भिंत किंवा पलंग नको.

पडद्याचा विचार सर्वांत शेवटी. उष्मांकांचा आकडा अंदाजाचा असतो. मुठीत धरून मोजलेले नाडीचे ठोकेही चालताना बरेचदा चुकतात. हृदयरुग्णांना दिली जाणारी काही औषधे ठोके मंद ठेवतात, त्यामुळे पडद्यावरचे 'लक्ष्य' त्यांना लागू पडत नाही. चालताना सहज बोलता येते की नाही, ही खूण यजमानांना डॉक्टरांनी सांगितली आणि ती अधिक उपयोगी ठरली.

आम्ही ते यंत्र तोटा सोसून बदलले. दुसऱ्या वेळी यजमान रोजचे बूट घालून दुकानात आले आणि प्रत्येक यंत्रावर दहा-दहा मिनिटे चालले. आधी ताशी तीन, मग चार किलोमीटरने. पाऊल टेकताना पट्टा अडखळतो का, कठडा हलतो का, किल्ली ओढल्यावर यंत्र थांबते का, हे त्यांनी स्वतः पाहिले. पट्टा, फळी आणि आतील विद्युत-नियंत्रक यांची हमी किती वर्षांची, हे मी विचारले. कारण ठळक अक्षरांतली हमी केवळ मोटरची होती. निवडलेल्या यंत्राचा पडदा तळहाताएवढा आहे.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस मी शेजारी उभी राहत असे. नवव्या दिवशी त्यांनी दोरी स्वतः सदऱ्याला अडकवली आणि म्हणाले, "तू जा, चहा टाक." त्या दिवशी ते बावीस मिनिटे चालले. आपणही खरेदीला जाल तेव्हा ज्याला चालायचे आहे त्याला बरोबर न्या, आणि त्याच्या पायांना काय जाणवते ते आधी विचारा.