द्राक्षं, कांदा आणि आमचे पेशंट

नाशिक जिल्ह्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टरकी करण्यात एक गंमत आहे. जिल्ह्याची ओळख ज्या दोन पिकांवर आहे, ती दोन्ही आमच्या पेशंटना बाधतात. तरी मालक मला विचारतात ते चॉकलेटबद्दल! चॉकलेट वाईटच. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच सतरा-अठरा तास घेतं, आणि चॉकलेट जितकं काळं तितकं ते जास्त. पण चॉकलेट खाल्लेलं कुत्रं त्याच दिवशी ओकतं, धापा टाकतं, घरभर येरझारा घालतं. घरच्यांना कळतं, ते धावत येतात. मला धास्ती असते ती दोन-तीन दिवस गुपचूप काम करणाऱ्या पदार्थांची. दिवाळीत ते डब्याडब्यांत भरलेले असतात.

बेदाणे घ्या. लाडवात, शिऱ्यात, चिवड्यात, सगळीकडे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे द्राक्षातलं जे काही बाधतं ते चौपट दाटलेलं. वाटीभर बेदाणे फस्त केलेलं कुत्रं त्या रात्री एक-दोनदा ओकतं. ‘चला, पोट साफ झालं,’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. मग ते खाणं सोडतं, मलूल पडतं, लघवी कमी होते. माझ्या टेबलावर येतं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं असतं आणि मूत्रपिंडं हात टेकत आलेली असतात.

द्राक्षांतलं नेमकं काय बाधतं, हे बरीच वर्षं कोडंच होतं. कीटकनाशकांवर, बुरशीवर संशय घेऊन झाला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा मिळाला तो मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेल्या कणकेतून. त्या कणकेत याच आम्लाचा क्षार असलेलं क्रीम ऑफ टार्टर होतं आणि ती खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं थेट द्राक्षांच्या विषबाधेसारखी होती. यातून आमच्या बागाईतदारांच्या एका युक्तिवादालाही उत्तर मिळतं. ‘डॉक्टर, आमचा मोती बागेत गळलेले मणी रोज खातो, त्याला कुठं काय होतं?’ या आम्लाचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं. मोती आजवर सुटला, एवढंच. म्हणून ‘किती बेदाणे चालतील?’ या प्रश्नाला मी आकडा देत नाही.

हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. परदेशी याद्यांमध्ये चिंचेचं नाव क्वचित दिसतं, पण आपल्या ओट्यावर चिंच कायम भिजत असते. आमटीच्या एका घासाने कुत्रं दगावेल असं मी म्हणणार नाही, पण भिजवलेल्या चिंचेचं भांडं त्याच्या तोंडाला लागेल असं ठेवू नये.

मांजर लाडवाकडे ढुंकूनही बघत नाही. गोड चव ओळखणारं तिचं जनुकच निकामी आहे, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. तिला भुलवतो तो मटणाचा रस्सा, आणि रश्शाचा जीव कांदा-लसणात. कांदा शिजवला, तळला, वाळवला, त्याची पूड केली, तरी त्याचा गुण जात नाही. मांजराच्या वजनाच्या किलोमागे पाच ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो. चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची एक फोड. कुत्र्याला किलोमागे साधारण पंधरा ते तीस ग्रॅम लागतो. तेव्हा लॅब्रॅडोर निभावून नेतो आणि पॉमेरेनियन सापडतो. रोज थोडा थोडा दिला तरी तो भरतोच. ‘रश्श्यातला भात फक्त, फोडी काढून’ असं सांगणाऱ्या आज्यांना माझं म्हणणं पटत नाही, पण अर्क रश्शातच उतरलेला असतो.

अशा पेशंटचं रक्त काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तांबड्या पेशींच्या कडेला छोटी टेंगळं आल्यासारखे उंचवटे दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी हिमोग्लोबिन खराब होऊन त्याचे हे गोळे झालेले असतात. अशा पेशी शरीर मोडीत काढतं. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते. तोवर रस्सा कोणाला आठवत नाही. मालक कावीळ म्हणून घेऊन येतात.

शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगम यांच्या पाकिटावर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर कुत्र्याच्या बाबतीत वाट बघूच नका. अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. आणि काहीही खाल्लं असलं तरी ओकवायला मिठाचं पाणी पाजू नका. त्या मिठानेच मेंदूवर परिणाम झालेली कुत्री आम्ही बघतो. फोनवर मला तीनच गोष्टी सांगा: वजन किती, काय नि किती खाल्लं, कधी खाल्लं. कुत्रं दोन तासांच्या आत आणलं तर बहुतेक वेळा एका इंजेक्शनने ओकवता येतं. बेदाणे गिळलेले असतात, चावलेले नसतात; ट्रेमध्ये ते टपोरे फुगून आख्खे पडतात आणि मालकांनी ‘दोन-तीनच खाल्ले’ म्हणून सांगितलेला आकडा तिथल्या तिथे पडताळता येतो.