नंदाखालच्या वाटेवर

बडोद्याहून मुंबईस जाताना वसईची खाडी आम्ही किती वेळा ओलांडली, त्याची गणती नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला इकडेच कुठेतरी, एवढे मुलांना खिडकीतून सांगावे आणि फराळाचा डबा उघडावा, असा आमचा शिरस्ता. गेल्या पौषात मात्र मुद्दाम बोरिवलीस उतरलो आणि उलट्या दिशेची विरारची लोकल धरली.

त्याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. तेव्हा आमच्या वाचनालयात एका वयोवृद्ध सभासदांनी प्रश्न टाकला, "पाद्र्याचा आणि मराठीचा संबंध काय?" हशा पिकला. आम्ही हसलो नाही. पण बोललोही नाही. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तल्याचे वाचले आणि ते न बोलणे मनात सलू लागले. त्यांचे गाव तरी एकदा पाहून यावे, असे ठरवले.

विरार स्टेशनाबाहेर रिक्षा केली. बोळिंजपर्यंत उंच इमारतींची दाटी. आकाश तुकड्यातुकड्यांनी दिसत होते. पुढे रस्ता एकाएकी अरुंद झाला आणि दोहों बाजूंस केळीच्या वाड्या लागल्या. कुंपणाला जास्वंद, ओट्यावर तुळशीवृंदावन. लगतच्या दुसऱ्या घराच्या दाराशी क्रूस. लाल लुगड्यातील एक वृद्धा भाजीची पाटी सावरीत चालली होती. तिच्या पेहरावावरून आम्ही तिला हिंदू समजलो. ती चर्चच्या फाटकात वळली. आमच्या ज्ञानाची ही पहिली कसोटी, आणि आम्ही तीत नापास झालो!

नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च पांढरेशुभ्र, ऐसपैस आहे. फादरांचा अंत्यविधी येथेच झाला. १९४२ मध्ये जन्मलेला या गावचा हा मुलगा १९७२ मध्ये धर्मगुरू झाला. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. एका लहान समाजाचे मासिक चालवणे म्हणजे काय असते, हे आपल्या या मासिकाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. त्यांनी ते केवळ चर्चच्या वार्तांचे ठेवले नाही. इतर धर्मांच्या लेखकांना तेथे घर मिळाले. बायबलचे त्यांनी केलेले 'सुबोध बायबल' हे मराठी रूप साहित्य अकादमीने २०१३ मध्ये अनुवादासाठी पुरस्कारले.

पण गावात त्यांच्या पुस्तकांविषयी आम्हांस कोणी फारसे सांगितले नाही. सांगितले ते पाण्याविषयी.

एका वाडीत वृद्ध माळी केळीला पाणी देत होते. आम्ही त्यांना आजोबा म्हणालो, त्यांनी आम्हांला आत बोलावले. इकडे वाडीत मोठे खोदीव तळे असते, त्यास बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत झिरपते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यास आत येऊ देत नाही. केळी, पानवेली, फुले, सारे त्या गोड्या पाण्यावर. पुढे इमारती आल्या, त्यांना पाणी हवे झाले, आणि गावच्या विहिरींवर टँकरांच्या रांगा लागल्या. उपसा वाढला, अनेक बावखले भरावाखाली गेली, विहिरी खारावल्या. तशात शेतीची जमीन बांधकामास मोकळी होऊ लागली, आणि त्यात पैसा व दहशत दोन्ही शिरली. तेव्हा फादर 'हरित वसई'च्या चळवळीत पुढे उभे राहिले. हजारो माणसे, हिंदू आणि ख्रिस्ती, मोर्चाला निघाली.

"फादरांना भीती नाही वाटली?" आम्ही विचारले.

"वाटली असेल की," आजोबा म्हणाले, "आम्हांला वाटत होती. पण ते पुढे होते ना!"

पाठीच्या असह्य दुखण्यातही जानेवारी २०२० मध्ये ते संमेलनाला गेले होते. निवडीला विरोध झाला होता, निषेधाचे सूर उठले होते. तरी गेले आणि बोलले. या पट्ट्यात घरोघरी बोलतात ती कादोडी बोली. ग्रंथांची मराठी ती शाळेतली, परिश्रमाने कमावलेली. आमच्या घरी मुले अर्धे वाक्य गुजरातीत पुरे करतात. तेव्हा मराठीचा संबंध कोणाशी, हा प्रश्न आम्हांलाच कोणी विचारला असता तर?

निघताना आजोबांनी विहिरीचे पाणी पुढे केले. आम्ही पेला तोंडाला लावला. ते आमच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"किंचित मचूळ आहे," आम्ही खरे ते सांगितले.

"मागल्या वर्षी पीत नव्हतो आम्ही," ते म्हणाले, आणि केळीकडे वळले.

परतताना आगाशीची सुकेळी घेतली. बडोद्यास आल्यावर वाचनालयात 'नाही मी एकला' हे त्यांचे आत्मचरित्र मागितले, ते नव्हते. मागणीच्या वहीत नाव लिहिले. आमच्या खाली, दुसऱ्या दिवशी, त्याच वयोवृद्ध सभासदांची सही होती.