पिठातली पावलं

सुतकात मी दारात रांगोळी काढली आणि आत्याने ती पायाने पुसून टाकली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आईचा दिवस रांगोळीने सुरू व्हायचा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ती अंगणात गेरू देऊन चैत्रांगण काढायची: गौरीचा पाळणा, शंख, चक्र, कासव, नाग, गोपद्मं. सकाळी झाडू फिरला की सगळं सुपलीत. मी लहानपणी रडायचे. "मग आजची कुठे काढू?" म्हणत ती झाडतच राहायची.

ती गेली त्या जागी पीठ पसरलं, दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून ठसा बघायचा. ज्याचं पाऊल, तो जन्म. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण टोपली उचलली आणि सगळे वाकले, मीही वाकले. काका म्हणाले, पक्ष्याचा पाय. मामी म्हणाली, "नाही हो, गाईचा खूर!" भाऊ उकिडवा बसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघत राहिला. मला गोपद्म दिसलं: दोन लांबट थेंब, मध्ये फट, डावा थेंब जरा जाड. आईची चिमूट डावीकडे अशीच जड पडायची. मुंगीनेही असा ठसा उमटतो, हे तेव्हाही कळत होतं. तरी आम्ही कितीतरी वेळ पिठावरून उठलो नाही आणि तेवढा वेळ घरात कोणी रडलं नाही.

मग पिठात आकार शोधलेला चालतो, तर चिमटीने काढलेला का चालत नाही? श्राद्धातही पानांभोवती भस्माचं मंडल करतात, देवांसाठी चौकोनी, पितरांसाठी गोल. गेलेलं माणूस हाताने जे करत होतं, ते घरच्यांना सुतकातही करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही गेल्या वर्षी शेजारचे आजोबा वारले, तेव्हा त्यांचं सुतक आम्हाला नसतानाही मी माझा उंबरा कोरा ठेवला. डबा हातात घेतला होता; चिमूट सोडवेना. कोरा उंबराच बरोबर वाटला.

तेराव्यानंतर त्यांच्या सुनेने दारात स्टिकरची रांगोळी चिकटवली. ती महिनोन्महिने तशीच. रोज पुसावी लागत नाही ती रांगोळी कसली, असं मी तिला सांगितलं. तिला ते आवडलं नाही.